साडेतीन महिन्यांच्या लशीच्या वेळी एक प्रश्न आईलाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत संधिवातावर पानभर मजकूर आला होता. वर गुडघा धरून बसलेल्या आजोबांचं चित्र, खाली सल्ले: वजन उतरवा, आंबट टाळा, मांडी घालून बसू नका, थंडीत गुडघे झाका. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना हे सगळं लागू होतं, त्यांचे सांधे झिजले होते. पण त्याच मजकुरात मध्येच ‘ऱ्हुमॅटॉइड’ हा शब्द टाकून आपण दोन दुखणी एका पिशवीत भरलीत, म्हणून हे पत्र.

झिजेचं दुखणं वेगळं आणि सुजेचं वेगळं. सुजेच्या दुखण्यात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडमध्ये, शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. त्याचा म्हातारपणाशी संबंध नाही. मला ते पंचविशीत झालं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली, तीत प्रौढांमध्ये साधारण दोनशेत एकाला हा आजार निघाला. म्हणजे आमच्या पेठेतच चार-पाच जण असणार. आणि पुरुषांच्या मानाने बायकांना तो दोन ते तीन पट जास्त होतो. तरी आपल्या त्या पानावर बाळंतपण, पाळी, पाळी जाणं यांतलं काहीच नव्हतं. मला राग आला तो तिथे.

मी वाईची. वय ५९. घरी शिवणकाम करते, मुख्यतः ब्लाऊज. लग्न झालं तेव्हा साताऱ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्राणिशास्त्र अर्धवट राहिलं आणि शिलाई मशीन आलं. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या मी पहिल्यापासून जपून ठेवते, आजवर एकोणीस झाल्या. त्या वह्यांच्या समासात माझा आजार आहे. कसा, ते पुढे सांगते.

डिसेंबर १९९१मध्ये मुलगी झाली. बाळंतपण व्यवस्थित पार पडलं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं साग्रसंगीत. मार्चमध्ये कामाला बसले तर दहा इंची कात्रीच्या कडीत अंगठा जाईना. आदल्या आठवड्यात जात होता. वाटलं, लाडवांनी सुजले असेन. मग बोटांची मधली पेरं आणि मुळाजवळचे सांधे दोन्ही हातांना सारखेच फुगले, मनगटं गरम लागायला लागली, पायाच्या चवड्याखाली खडे ठेवल्यासारखं होऊ लागलं. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणात वारं लागलं. त्यांना काय बोलायचं? त्यांच्या काळी तेवढीच भाषा होती. पण गावातल्या ज्या डॉक्टरांकडे गेलो तेही तेच म्हणाले, फक्त वाऱ्याऐवजी ‘कॅल्शियम’ हा शब्द वापरून. दीड वर्ष मी कॅल्शियम खाल्लं. १९९३च्या शेवटी पुण्याला निदान झालं, तोवर उजव्या हाताची दोन बोटं करंगळीच्या बाजूला झुकायला लागली होती.

पुण्याचे डॉक्टर कमी बोलणारे होते. एकच काम त्यांनी सांगितलं: रोज सकाळी बोटं किती वेळ आखडलेली राहतात ते लिहून ठेवा. लिहायला वेगळी वही कुठली आणणार? मापांची वही होतीच. त्यामुळे ‘छाती ३६, कंबर ३०, उंची १४, बाही ९’ याच्या शेजारी ‘स. ६ ते ९.४०, मूठ नाही’ असं लिहिलेलं आहे. पुढे पुढे ‘मूठ नाही’चं नुसतं ‘मू’ झालं. आणि सवयीनं, जशी बायका कॅलेंडरवर करतात, पाळीच्या तारखेला एक टिंब.

टिंब आणि ‘मू’ एकमेकांजवळ येतात हे मला साधारण सहा महिन्यांनी दिसलं. पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस आणि पहिले दोन दिवस सकाळ लांबायची, कधी कधी दुपारच्या बारापर्यंत. दर महिन्याला नाही, पण योगायोग म्हणावा इतकं कमीही नाही. मी हे एका दुसऱ्या डॉक्टरांना (पुण्याचे नव्हेत) सांगितलं तर ते हसून म्हणाले, “पाळीचा आणि सांध्यांचा काय संबंध? मनातून काढून टाका.” मनात नव्हतंच ते, वहीत होतं.

१९९५ साली पुन्हा दिवस राहिले आणि मग गंमतच झाली. तिसरा महिना संपता संपता समासातलं ‘मू’ विरळ झालं. पाचव्यात ते बंदच झालं. गोळ्या तर डॉक्टरांनी आधीच कमी केल्या होत्या. त्या पावसाळ्यात मी नणंदेच्या लग्नाचे बावीस ब्लाऊज शिवले, काजं हातानं केली, हुक लावले, कुणाच्या मदतीवाचून. पिळून धुणं वाळत घातलं. घरात सगळे म्हणू लागले, बघा, म्हणत होतो ना, दुसरं मूल झालं की जाईल.

मुलगा नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाला आणि संक्रांतीला दुखणं परत आलं. हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या. मला कुंकवाची चिमूट धरता येईना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांपर्यंत पोचतच नव्हती. मी करंड्यात बोट बुडवून लावत होते आणि एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, “अगं, बोटानं काय थापतेस?” दुसऱ्या दिवशी पहाटे बाळाच्या लंगोटाची नाडी मी दातांनी धरून बांधली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदाच लिहितेय.

माझ्यासारख्या लाखो बायकांनी हे भोगलं असणार आणि सांगितलंही असणार. फरक पडतो तो ऐकणारा कोण त्यानं. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. १९२९ साली त्यांच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे एकाएकी मोकळे झाले. हेंचनी ते सोडून दिलं नाही, तशा केसेस गोळा करत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की गरोदर बायकांनाही असाच आराम पडतो. १९३८ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. त्यांचा तर्क सरळ होता. कावीळ झालेल्या पुरुषाला उतार पडतो आणि पोटुशी बाईलाही पडतो, तर हे नुसतं पित्त नव्हे आणि नुसतं बायकी हार्मोनही नव्हे. दोघांच्या शरीरात असणारं काहीतरी आहे. त्याला त्यांनी नाव दिलं ‘एक्स’. त्याच संस्थेत एडवर्ड केंडल मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून एकेक संयुग वेगळं काढत होते. दोघांनी डोकी एकत्र केली. त्यातलं ‘संयुग ई’ पुरेसं तयार व्हायला १९४८ उजाडलं. २१ सप्टेंबर १९४८ला ते पहिल्यांदा एका २९ वर्षांच्या बाईला टोचलं. ती अंथरुणातून जेमतेम हलत होती. आठवड्याभरात ती बाजारात खरेदीला जाऊन आली. हेच कॉर्टिझोन. १९५०चं नोबेल हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन या तिघांना मिळालं.

माझी लेक फार्मसी शिकत होती तेव्हा तिच्या पुस्तकांमुळे मला हे कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या औषधांपैकी एकाचा माग ‘दिवस राहिले की माझे हात बरे होतात’ या बायकांच्या साध्या बोलण्यातून लागला होता. आणि मला सांगितलं होतं, मनातून काढून टाका.

आता थोडं आतलं. मी डॉक्टर नाही, पण तीस वर्षं स्वतःच्या हाडांवर शिकलेय, आणि जे लिहिते आहे ते माझ्या डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं आहे.

आपल्या रक्तातल्या ज्या पेशी जंतूंशी लढतात त्यांच्यावर हार्मोन ओळखणारी ग्रहणकेंद्रं असतात. म्हणजे इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन गर्भाशयापुरतं काम करत नाही, या पेशींनाही ते हुकूम सोडतं. हुकूम कोणता, ते प्रमाणावर ठरतं. शिलाई मशीनवर धाग्याचा ताण ठरवणारी चकती असते. सैल ठेवली तर खालून फासे सुटतात, जास्त आवळली तर धागा तुटतो, आणि चकती तर एकच. इस्ट्रोजेनचं काहीसं तसंच आहे. नेहमीच्या पातळीला ते प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींना चेतवतं, सूज वाढवणाऱ्या काही रसायनांनाही हात देतं. गरोदरपणी ते शंभरपटीच्या घरात चढतं आणि मग त्यातल्याच काही रसायनांना दाबून टाकतं. जोडीला गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन वाढतं, आणि शरीर स्वतः बनवतं ते कॉर्टिझोनचं भावंड, कॉर्टिसॉल, तेही वाढतं. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींची संख्या वाढते. पोटातल्या बाळात निम्मा वाटा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला तो परकाच. त्याला शरीरानं बाहेर फेकू नये म्हणून निसर्गानं हा सगळा बंदोबस्त केलेला आहे. आपल्या सांध्यांना त्याचा फुकटात लाभ होतो इतकंच.

नुसते हार्मोनच हे घडवतात असंही नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की पेशींवरच्या ओळखखुणांच्या बाबतीत बाळ आईपेक्षा जितकं वेगळं, तितका आईला आराम जास्त. त्या हिशेबानं माझ्या त्या पाच महिन्यांचं थोडं श्रेय आमच्या ह्यांनाही द्यावं लागतं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “मग शिलाईत अर्धा हिस्सा दे.”

बाळंतपण झालं की हा डोलारा काही दिवसांत कोसळतो. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल उतरतात. दूध येण्यासाठी प्रोलॅक्टिन चढलेलं असतं, आणि ते प्रतिकारशक्तीला आवरण्याऐवजी चेतवणारं. म्हणून कुणाचा जुना आजार उसळतो आणि कुणाला तो आयुष्यात पहिल्यांदा याच दिवसांत होतो, माझ्यासारखा. (यावरून कुणी अंगावरचं दूध तोडू नये. दूध पाजताना चालतील अशी औषधं आहेत, विचारलं की मिळतात.) हॉलंडमध्ये अशा गरोदर बायकांना वेळोवेळी तपासून २००८ साली निष्कर्ष छापले गेले. साधारण निम्म्या जणींना गरोदरपणात खरोखरचा उतार पडला आणि बाळंतपणानंतर दहांतल्या जवळपास चौघींचा आजार उसळला. म्हणजे सगळ्यांना आराम पडतोच असं नाही. ज्यांना पडत नाही त्यांना ‘तुलाच कसा नाही पडला’ म्हणून टोचू नये.

आणि म्हणूनच ‘मूल होऊ दे, बरी होशील’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. तो देणाऱ्यांनी अर्धीच गोष्ट पाहिलेली असते. उतार खरा, पण तो उसना. परत द्यायची वेळ येते तेव्हा मांडीवर बाळ असतं, रात्रीची झोप नसते आणि मनगटात त्याला उचलायची ताकद नसते.

यातली दुसरी बाजू तर कुणी बोलतच नाही. आज या आजारावरचं पहिलं औषध मेथोट्रेक्सेट. ते चांगलं आहे, माझे उरलेले सांधे त्यानंच वाचवले. पण ते पोटातल्या गर्भाला घातक असतं. मूल हवं तर डॉक्टरांना आधी सांगून काही महिने अगोदर बंद करावं लागतं, आणि त्याजागी गरोदरपणात चालणारी औषधं घ्यावी लागतात, जशी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासॅलाझिन. आता विचार करा, लग्न जमवताना मुलीचा आजार लपवलेला. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव सासरी कुणी वाचू नये म्हणून ती गोळ्या कुंकवाच्या डबीत ठेवते (हे मी ऐकलेलं नाही, ब्लाऊज बेतायला आलेल्या मुलीच्या पर्समधून ती डबी पडली तेव्हा पाहिलेलं आहे). सहा महिन्यांत ‘काही गोड बातमी?’ सुरू. ती डॉक्टरांना विचारणार कधी आणि नेणार कोण? तिला मी आतल्या खोलीत बसवून एवढंच सांगितलं की नवऱ्याला सांग, नाहीतर मी सांगते. तिनं सांगितलं. पुढचं तिचं ती बघेल. जाता जाता, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. माझ्या डबीवर मी खडूनं ‘रविवार’ लिहून ठेवते.

सकाळीच का आखडतं, हा प्रश्न मला प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, कारण मी कुणाला दहाच्या आत बोलावत नाही. त्याचंही उत्तर हार्मोनमध्ये आहे. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं, पहाटेपासून चढत जाऊन उठायच्या वेळी शिखरावर पोचतं. ते तळाला असताना सूज वाढवणाऱ्या रसायनांना मोकळं रान मिळतं. पहाटे ती भरात येतात, आणि आमच्या आजारात त्यांना आवरायला जितकं कॉर्टिसॉल लागतं तितकं शरीर काढू शकत नाही. म्हणून सहाला दगड आणि अकराला माणूस. युरोपात यावरून स्टेरॉइडची, म्हणजे कॉर्टिझोनच्याच जातीच्या औषधाची, एक गोळी काढली. रात्री दहाला घ्यायची, पोटात चार तास तशीच राहते आणि दोनच्या सुमारास विरघळते, चोर यायच्या आधी चौकीदार. २००८ साली तिच्या चाचणीत सकाळचं आखडणं कमी झालेलं दिसलं. झिजेच्या सांध्यांना सकाळी फार तर अर्धा तास जडपणा असतो. तासाच्या वर गेला आणि रोजच जात असेल तर ते दुखणं झिजेचं नसण्याची शक्यता जास्त, एवढं तरी त्या पानावर छापायला हवं होतं.

कॉर्टिझोनच्या उजळ गोष्टीला काळी बाजूही आहे आणि तीही मी चाखलेली आहे. १९९६च्या संक्रांतीनंतर मी इतकी हतबल झाले होते की कुणीतरी सांगितलं म्हणून एका गावी पुड्या आणायला जाऊ लागले. पांढरट पूड, मधातून दोनदा. चौथ्या दिवशी मी उकिडवी बसून अंगण सारवलं. घरच्यांनी त्या माणसाला देव मानलं. आठ महिन्यांत माझा चेहरा परातीएवढा गोल झाला, पोटावर जांभळे पट्टे उठले, तोंडावर लव आली. सगळे म्हणायचे, तब्येत सुधारली. मग दिवाळीत त्याचं दुकान बंद होतं आणि पुड्या संपल्या. तिसऱ्या दिवशी मला उलट्या सुरू झाल्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार, रक्तदाब हाताला लागेना. दवाखान्यात रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं तर जवळजवळ शून्य. त्या पुडीत स्टेरॉइड होतं. बाहेरून ते येत राहिलं की अधिवृक्क ग्रंथी आपलं काम बंद करतात. ते एकाएकी थांबलं तर शरीराकडे स्वतःचं काहीच उरत नाही. स्टेरॉइड शत्रू नव्हे. डॉक्टरांनी मोजून दिलं, मोजून उतरवलं, तर ते आधार देतं. पण न मोजलेलं, नाव नसलेलं आणि अचानक तोडलेलं स्टेरॉइड माणूस मारू शकतं. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, माझं भांडण त्या पुडीशी आहे.

पाळी २०१३ साली गेली, सत्तेचाळिसाव्या वर्षी. चार-पाच वर्षं शांत असलेला समास पुन्हा ‘मू’नं भरला. हाही योगायोग नव्हे. बायकांमध्ये हा आजार सुरू होण्याचं प्रमाण पाळी जाण्याच्या वयात वाढतं, आणि ज्यांची पाळी पंचेचाळिशीच्या आत जाते त्यांना धोका थोडा जास्तच. मी डॉक्टरांना विचारलं, मग हार्मोनच्या गोळ्या द्या की. ते म्हणाले, त्यानं संधिवात बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, त्या गोळ्या द्यायची कारणं वेगळी आणि त्यांचे धोकेही. म्हणजे हार्मोनमुळे आजार हलतो म्हणून हार्मोननं तो दुरुस्तही करता येतो, असं सरळ गणित नाही.

ते गणित किती वाकडं आहे हे मला एका गिऱ्हाइकामुळे कळलं. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बाई. त्यांच्या ब्लाऊजला आतून एका बाजूला मी मऊ कापडाचा खिसा शिवते, त्यात त्या कापसाची गादी ठेवतात. एकदा हुक लावताना म्हणाल्या, “तुमच्यासारखीच माझी बोटं सकाळी आखडतात हो.” मी घाबरले. पण त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्यांच्या लेट्रोझोलच्या गोळीनं शरीरातलं इस्ट्रोजेन जवळपास संपतं आणि सांधे दुखतात, ते संधिवाताचं नव्हे. ती गोळी ज्या विकराला (एन्झाइमला) थोपवते तोच विकर आमच्या सुजलेल्या सांध्यात जास्त जोरात काम करतो आणि तिथल्या तिथे पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन करतो. पुरुषी हार्मोन सुजेला आवरणारं, म्हणून पुरुषांना हा आजार कमी, आणि ज्या पुरुषांना होतो त्यांच्यात ते बरेचदा कमी सापडतं. दोन टोकांना दोघी जणी, आणि सकाळी दोघींनाही बाटलीचं झाकण उघडत नाही!

माझी एक फजितीही सांगते, म्हणजे हे पत्र वाचून कुणी घाबरून धावायला नको. गेल्या वर्षी लेक बाळंतपणाला माहेरी आली. बाळ दोन महिन्यांचं झालं आणि एका सकाळी त्याला उचलताना ती कळवळली. मनगट. माझ्या पोटात गोळा आला. तिचं काही न ऐकता मी तिला बाळासकट एसटीत बसवलं, खंबाटकी ओलांडून स्वारगेट. रक्त तपासलं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमच्या आजाराच्या खुणा, त्या नाहीत. सीआरपी ही सुजेची खूण, तीही व्यवस्थित. डॉक्टरांनी तिचा अंगठा मुठीत मिटवून मनगट करंगळीकडे वाकवलं, तिनं किंकाळी फोडली आणि ते म्हणाले, हा सांधा नव्हे, अंगठ्याच्या स्नायूची दोरी सुजलीय, बाळ उचलून उचलून. पट्टा बांधला, महिन्याभरात बरं झालं. परतीच्या गाडीत लेक म्हणाली, “आई, प्रत्येक दुखण्यात तुझं दुखणं बघू नकोस.” बरोबर आहे तिचं. पण तिच्या हाताकडे कुणीतरी बघितलं, हेही बरोबर आहे.

आता माझी मागणी, ज्यासाठी एवढी पानं भरली. बाळंतिणीकडे आशाताई ४२ दिवस येतात. हा आजार बहुतेक वेळा त्यानंतर उसळतो, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. तेव्हा सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. पण बाळाच्या निमित्तानं आई याच काळात आरोग्य केंद्रात येतेच. दीड महिन्याची लस, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची. २०१८ पासून आशाताई तिसऱ्या महिन्यातही घरी येऊन बाळाचं बघतात. त्याच वेळी आईला एक प्रश्न विचारावा: सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण वळते का? वळत नसेल आणि तासभर वळत नसेल, दोन्ही हातांची पेरं सुजलेली असतील, तर तिला कॅल्शियमवर परत न पाठवता रक्त तपासायला पाठवावं. त्याला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर एक चौकोन लागतो. सांध्यांच्या डॉक्टरांनाही विनंती, केसपेपरवर पाळीची तारीख, बाळंतपणं आणि पाळी कधी गेली हे लिहून घ्या. ते रकाने फक्त स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कागदावर असतात. माझं निदान दीड वर्ष लवकर झालं असतं तर उजव्या हाताची ती दोन बोटं आज सरळ असती आणि काजं मीच केली असती. हल्ली ती बाहेर देते, काजाला दोन रुपये.

आपल्या पुरवणीत पुन्हा संधिवातावर लिहाल तेव्हा आजोबांच्या जागी मांडीवर बाळ घेतलेल्या एखाद्या मुलीचं चित्र टाका. सोबत १९९५-९६च्या वहीतल्या तीन पानांची झेरॉक्स जोडते आहे. एप्रिल ते ऑक्टोबरचा समास बघा आणि मग जानेवारीचा. टिंब कुठलं आणि ‘मू’ कुठला ते पेन्सिलीनं खुणावलं आहे. पानांवरची मापं गिऱ्हाइकांची आहेत, ती कृपया छापू नयेत. माझं नावही नको, वाईत अक्षरावरून ओळखतील तेवढं पुरे.

आपली एक वाचक,
गणपती आळी, वाई (जि. सातारा)